ज्या गावाखाली काहीच नाही

ग्रामसभेचं कौतुक करायचं म्हटलं की महाराष्ट्राला आधी नगर जिल्हा आठवतो. (कागदोपत्री आता अहिल्यानगर; जुन्या माणसाची जीभ लवकर वळत नाही, एवढं चालवून घ्यावं.) पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी आणि नगर तालुक्यातलं हिवरे बाजार ही दोन नावं शाळेच्या पुस्तकापासून मंत्र्यांच्या भाषणापर्यंत सगळीकडे येतात. बसेस भरून लोक येतात, बांध पाहतात, चर पाहतात, सरपंचांचं भाषण ऐकतात आणि आपल्या गावी जाऊन दोन दिवस उत्साहात राहतात. गावाने ठरवलं तर काय होऊ शकतं, याचा दाखला म्हणून ही गावं दाखवली जातात आणि ते योग्यच आहे.

पण या कौतुकाची दुसरी बाजू कुणी बोलून दाखवत नाही. या गावांना आपण इतक्या मोकळ्या मनाने ठरवू दिलं, कारण त्यांच्या जमिनीखाली गावाबाहेरच्या कुणालाही हवं असं काही नव्हतं. जिथे तसं काही आहे, तिथे त्याच ग्रामसभेचं काय होतं ते पाहायचं असेल, तर नगरहून निघून राज्याच्या पूर्वेच्या टोकाला, गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात, सुरजागडच्या डोंगरापाशी जावं लागतं.

आधी आपल्या पायाखालची गोष्ट. नगर जिल्हा बसला आहे तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हाच्या काळ्या पाषाणावर. या पाषाणातही लोखंड असतं, दहा टक्क्यांच्या आसपास. मुरमाचा तांबूस रंग त्याच लोखंडाच्या गंजाचा. पण एवढ्याशा लोखंडासाठी दगड फोडून वितळवायला कुणी येत नाही. तो दगड खडी करायला चालतो, रस्त्याला चालतो, पायाला चालतो. सुरजागडचा खडक याहून अब्जावधी वर्षांनी जुना आहे आणि तिथल्या चांगल्या प्रतीच्या खनिजात लोखंडाचं प्रमाण साठ टक्क्यांच्या पुढे जातं. माणसाच्या हातात नसलेला हा फरक. हिवऱ्याच्या ग्रामसभेला मिळालेला मान आणि सुरजागडच्या ग्रामसभांना न मिळालेला मान यांच्यात या फरकाचा वाटा किती, हा माझा प्रश्न आहे.

हिवरे बाजारने नेमकं काय केलं, हे जरा बारकाईने पाहायला हवं, कारण भाषणांत ते 'श्रमदान' आणि 'एकी' या दोन शब्दांत गुंडाळलं जातं. १९८९-९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. पाऊस जेमतेम चारशे मिलिमीटर, निम्मं गाव पोटासाठी बाहेर. १९९४ मध्ये गाव आदर्श गाव योजनेत आलं. बांधबंदिस्ती, चर, झाडं ही कामं महाराष्ट्रात इतरत्रही झाली आणि बऱ्याच ठिकाणी वाहूनही गेली. हिवऱ्यात ती टिकली याचं कारण ग्रामसभेने घातलेले निर्बंध. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही. ऊस लावायचा नाही. कुऱ्हाड बंद, मोकाट चराई बंद. जमीन बाहेरच्याला विकायची नाही. दरवर्षी पडलेल्या पावसाची मोजदाद करून पाण्याचा ताळेबंद मांडायचा. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं आणि उरलेल्या पाण्यात कोणतं पीक बसतं ते सगळ्यांसमोर ठरवायचं. पाऊस कमी झाला तर गहू कमी, हरभरा-ज्वारी जास्त. जिथे पाऊस पडला त्याच गावच्या लोकांनी, त्याच वर्षी बसून ठरवलेली ही गोष्ट.

यातली सगळ्यात धाडसाची अट बोअरची. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून आपल्याकडे धरलं गेलं आहे की ज्याची जमीन, त्याला तिच्याखालचं पाणी उपसायचा हक्क. म्हणजे कायद्याच्या तराजूत हिवऱ्याचा ठराव हलकाच होता. एखादा हट्टी शेतकरी कोर्टात गेला असता तर गावाला घाम फुटला असता. तरीही ठराव टिकला आणि सरकारने तो मोडायला अधिकारी धाडला नाही. उलट बक्षिसं दिली, २०२० मध्ये पोपटरावांना पद्मश्री दिली. गावाने जमिनीखालच्या संपत्तीचा मालकी हक्क एका अर्थाने सामूहिक करून टाकला आणि राज्याने टाळ्या वाजवल्या. ते पाणी गावातच राहणार होतं. मुंबईच्या कुठल्या कंपनीच्या वार्षिक अहवालात ते येणार नव्हतं.

आता सुरजागड. लॉइड्स मेटल्स या कंपनीला इथे ३४८.०९ हेक्टरचा खाणपट्टा २००७ मध्ये मिळाला. प्रत्यक्ष उत्खनन २०१६ मध्ये सुरू झालं, मध्ये थांबलं आणि २०२१ पासून जोरात चालू झालं. डोंगर राखीव जंगलातला, भोवती माडिया गोंडांची गावं. माडिया गोंडांना केंद्र सरकारने विशेष असुरक्षित आदिवासी समूहांच्या यादीत घातलेलं आहे, म्हणजे ज्यांची सरकारने जास्त काळजी घ्यायची त्यांच्यात. डोंगरावर ठाकूरदेवाचं ठाणं आहे आणि जानेवारीत तिथे यात्रा भरते, आजूबाजूच्या इलाख्यातली गावं तिला येतात. हे मी भाविकपणे सांगत नाही. देवाचा डोंगर म्हणून खाण नको, हा युक्तिवाद जिथे सगळ्यांचे देव वेगवेगळे आहेत अशा देशात फार लांब जात नाही. पण जेजुरीच्या डोंगराखाली उद्या साठ टक्के लोखंड सापडलं, तर जनसुनावणी कुठे आणि कशी घेतली जाईल, याची कल्पना करून पाहायला हरकत नाही.

इथे कायदा काय म्हणतो, ते पाहिलं की डोकं गरगरतं. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा. अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाचा पट्टा द्यायचा तर ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस आधी घेणं या कायद्याने बंधनकारक केलं. गौण खनिज म्हणजे वाळू, मुरूम, माती, खडी. लोखंड, बॉक्साइट, कोळसा ही प्रमुख खनिजं त्या कलमात नाहीत. कुणाला मुरमाचे चार ट्रॅक्टर काढायचे असतील तर गावाला विचारायचं, आणि डोंगरच्या डोंगर काढायचा असेल तर या कायद्याने विचारण्याची सक्ती नाही. अकोले तालुक्यातली आपल्या जिल्ह्यातली आदिवासी गावंही याच पेसाखाली येतात. त्यांना ही उणीव कधी टोचली नाही, कारण तिथेही खाली तोच काळा पाषाण.

उणीव भरून काढायचं काम २००६ च्या वनहक्क कायद्याने करायला हवं होतं आणि काही काळ त्याने ते केलंही. जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर ग्रामसभांची संमती घ्या, असं केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने २००९ मध्ये स्वतःच लिहून दिलं. ओडिशातल्या नियमगिरीच्या बॉक्साइटचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा एप्रिल २०१३ मध्ये न्यायालयाने निर्णय ग्रामसभांवर सोपवला. बारा गावांत सभा झाल्या, न्यायाधीशांच्या देखरेखीखाली. बाराच्या बाराही गावांनी 'नाही' म्हटलं आणि खाण थांबली. मग हळूहळू पावलं मागे पडू लागली. २०२२ च्या वन संवर्धन नियमांनी वनहक्कांची पूर्तता तपासण्याचं काम केंद्राच्या मंजुरीनंतर राज्याच्या गळ्यात टाकलं. आधी साखरपुडा, मग मुलीला विचारणा, असा तो क्रम झाला.

सुरजागडच्या ग्रामसभा म्हणतात की आम्हाला नीट विचारलं गेलं नाही. कंपनी आणि प्रशासनाला ते मान्य नाही. कागद कुणाचा खरा, हे ठरवायला न्यायालयं आहेत. मला त्या वादापेक्षा एक साधी, उघड्यावरची गोष्ट जास्त बोलकी वाटते, ती म्हणजे जनसुनावणीची जागा. पर्यावरणीय परिणामांच्या २००६ च्या अधिसूचनेत स्पष्ट लिहिलं आहे की जनसुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा तिच्या अगदी जवळ घ्यावी. सुरजागडची उत्पादनक्षमता वर्षाला ३० लाख टनांवरून एक कोटी टनांवर न्यायची होती, तेव्हा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुनावणी झाली ती गडचिरोलीत, जिल्ह्याच्या ठिकाणी, खाणीपासून शंभर किलोमीटरहून अधिक दूर. ज्यांनी त्या भागात प्रवास केला आहे त्यांना हे अंतर कळेल. सकाळच्या सुनावणीला पोचायचं तर डोंगरापलीकडच्या गावच्या माणसाला आदल्या दिवशीच निघावं लागतं. मजुरी बुडते, गाडीभाडं पडतं, मुक्कामाची सोय नाही. आणि पोचल्यावर समोर जो अहवाल असतो तो इंग्रजीत आणि मराठीत. त्या माणसाची भाषा माडिया. आता त्याने त्या सभागृहात उभं राहून, पोलिसांच्या बंदोबस्तात, माईक हातात घेऊन, तिसऱ्याच्या भाषेत आपल्या डोंगराबद्दल आक्षेप नोंदवायचा. हिवऱ्याच्या पाण्याचा ताळेबंद मुंबईत मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावर इंग्रजीत मांडला असता तर आज तिथे टँकर चालू असते.

मार्च २०२३ मध्ये एक कोटी टनांची मंजुरी मिळाली. २०२५ मध्ये कमी प्रतीचं खनिज धरून आकडा २ कोटी ६० लाख टनांवर गेला आणि खनिज शुद्ध करण्याच्या प्रकल्पासाठी सुमारे ९३७ हेक्टर वनजमीन वळवण्यालाही केंद्राने हिरवा कंदील दाखवला. त्यात लाखाहून अधिक झाडं जातील. ३० लाखांपासून २ कोटी ६० लाखांपर्यंत. जो खाणपट्टा २००७ मध्ये दिला गेला, त्याची त्या वेळची कल्पना आणि आजची खाण यांत कमालीचं अंतर आहे. एखाद्या गावाने पहिल्या आकड्याला 'हो' म्हटलं असं क्षणभर मानलं, तरी तो होकार शेवटच्या आकड्याला लागू पडतो का? मला वाटतं, नाही. किती काढायचं आणि किती वेगाने काढायचं, हाच तर खाणीचा खरा प्रश्न. खनिज पावसासारखं दरवर्षी पडत नाही. वेग जवळजवळ नऊपट झाला की डोंगराचं आयुष्यही त्या प्रमाणात आखडतं, आणि एका पिढीत जे मिळालं ते दुसऱ्या पिढीला मिळत नाही.

इथे समोरून नेहमी एक प्रश्न येतो: हा विरोध माओवाद्यांचाच ना? त्याला उत्तर द्यायलाच हवं, कारण माओवाद्यांनी या खाणीच्या नावाने माणसं मारली आहेत. २०१३ च्या जूनमध्ये कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यासह तिघांचा खून झाला. त्यात गावचा एक पोलीस पाटीलही होता. डिसेंबर २०१६ मध्ये डोंगरावर उभ्या असलेल्या ट्रकांच्या रांगाच पेटवल्या गेल्या. हा विरोध नाही, दहशत आहे. पण या दहशतीने सगळ्यात जास्त नुकसान केलं ते ग्रामसभांचंच. ज्याला खाण नको तो नक्षल समर्थक, असा शिक्का तयारच होता. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये एटापल्लीत हजारो आदिवासी जमले, २०२३ मध्ये तोडगट्ट्याला आठ महिने लोक बसून राहिले. हातात बंदुका नव्हत्या, ग्रामसभांचे ठराव होते. तरी त्यांच्याशी बोलणी कमी आणि बंदोबस्त जास्त झाला. आता ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा बडा नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीतच मुख्यमंत्र्यांसमोर शरण आला. ही चांगली बातमी आहे आणि तिच्यातून एक गोष्ट ओघाने येते. भीती गेली असेल, तर सुनावणी गावात घेण्याला आता कोणती अडचण उरली?

रस्त्यावरचा राग तर कुठल्याच विचारसरणीचा नव्हता. आलापल्ली ते एटापल्ली हा रस्ता खनिजाच्या ट्रकांनी पार उखडला होता. पावसाळ्यात लाल चिखल, उन्हाळ्यात लाल धूळ, धूळ भातावर, धूळ मोहाच्या फुलावर. जानेवारी २०१९ मध्ये गुरुपल्लीजवळ ट्रक आणि एसटीची धडक होऊन प्रवासी दगावले, तेव्हा लोकांनी ट्रक पेटवले. असा अपघात नगर-मनमाड रस्त्यावर झाला असता तरी लोक रस्त्यावर उतरलेच असते, आणि त्यांना नक्षलवादी म्हणायचं कुणाच्या मनात आलं नसतं.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे. गडचिरोलीच्या पोरांनी कायम तेंदूपत्ताच गोळा करायचा का? त्यांना नोकरी नको? नगरमधल्या लेखकाने स्वतःच्या घराच्या स्लॅबमध्ये लोखंडी सळया घालून दुसऱ्याला जंगल राखायला सांगावं, यात ढोंग नाही का? आहे, थोडं आहे. लोखंड लागतंच आणि ते कुठून तरी काढावंच लागतं. चामोर्शी तालुक्यातल्या कोनसरीला पोलाद प्रकल्प उभा राहतो आहे, म्हणजे कच्चा माल नुसता बाहेर जाणार नाही, हेही चांगलं. कंपनीने कामगारांना, त्यांत शरण आलेल्या माओवाद्यांनाही, शेअर दिले. जानेवारी २०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या हस्ते त्यांचं वाटप झालं. ज्या पोराच्या हातात काल बंदूक होती त्याच्या हातात आज डीमॅट खातं आलं, ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही.

पण नगरच्या माणसाला यातही एक गोष्ट खटकायला हवी, कारण तिच्यावरच आपला जिल्हा उभा राहिला. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांना बरोबर घेऊन सहकारी साखर कारखाना काढला आणि १९५०-५१ च्या हंगामात पहिलं गाळप झालं, तेव्हा शेतकऱ्याला कारखान्याच्या नफ्यातला थोडा वाटा देण्यावर ते थांबले नाहीत. शेतकरी मालक झाला. ऊस त्याचा, कारखाना त्याचा, भाव ठरवायला संचालक मंडळात तोच. पुढे सहकाराचं काय झालं, कोण सम्राट झाले, उसाने जिल्ह्याचं किती पाणी प्यायलं, हा वेगळा आणि कडू विषय आहे. तो मी लपवत नाही. तरी मूळ कल्पना बघा. गाडगिळांसारखा अर्थशास्त्रज्ञ पहिला अध्यक्ष म्हणून कारखान्यात येऊन बसला, कारण कच्चा माल ज्याच्या रानात आहे त्याला प्रक्रियेवर मालकी हवी, एवढं त्यांना पटलं होतं. सुरजागडच्या बाबतीत हा विचार कुणी मांडल्याचं ऐकिवात नाही. तिथे माडिया माणूस कामगार होऊ शकतो, काही शेअरचा धनी होऊ शकतो. डोंगर किती खणायचा हे ठरवणारा होऊ शकत नाही. खाणीच्या स्वामित्वधनाच्या तीस टक्क्यांइतकी रक्कम जुन्या पट्टेदारांनी जिल्हा खनिज प्रतिष्ठानला द्यायची, असा २०१५ पासूनचा नियम आहे. पैसा मोठा आहे. पण तो खर्च कुठे करायचा हे जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेले अधिकारी आणि लोकप्रतिनिधी ठरवतात. ग्रामसभेच्या खात्यात तो येत नाही.

ग्रामसभेला पैसा सांभाळता येणार नाही, असं कुणी म्हणेल तर त्याने गडचिरोलीचीच दुसरी बाजू पाहावी. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः येऊन बांबूच्या वाहतुकीचे परवाने गावाच्या हाती देऊन गेले. त्यानंतर जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांना असे हक्क मिळाले. ग्रामसभा तेंदूपत्त्याचे लिलाव स्वतः काढू लागल्या, ठेकेदाराशी करार करू लागल्या, बँकेत खाती उघडून बोनस वाटू लागल्या. चुका होतात, ठेकेदार पैसे बुडवतात, कधी आपलेच लोकही. पण कारभार चालतो. म्हणजे याच जिल्ह्यात, याच कायद्याखाली ग्रामसभा करोडोंचा व्यवहार करू शकते. फक्त तो तेंदूपत्त्याचा असायला हवा.

माझं म्हणणं केवळ आदिवासी भागापुरतं असेल, असं कुणाला वाटलं तर त्याने नगरच्याच नद्यांकडे बघावं. वर म्हटलं की आपल्या जमिनीखाली काही नाही. नदीत मात्र आहे. मुळा, प्रवरा, गोदावरी, भीमा, घोड. जिथे वाळू आहे तिथे ग्रामसभेचा मान नगर जिल्ह्यातही टिकला नाही. वाळूचा लिलाव काढायचा तर ग्रामसभेचं मत घ्यायचं, अशी अट राज्याच्या वाळू धोरणात अनेक वर्षं राहिली. गावाने 'नको' म्हटलं तर काय होतं, हे नदीकाठच्या कोणत्याही माणसाला विचारा. लिलाव होत नाही, वाळू मात्र जाते. रात्री पात्रात पोकलेन उतरतं, हायवा लाइट बंद करून वर चढतात. तहसीलदारांची गाडी ऑफिसमधून निघाली की चौकातल्या टपरीवर बसलेली पोरं मोबाइलवर 'लोकेशन' टाकतात आणि पथक पोचेपर्यंत पात्र मोकळं. सकाळी दिसतो तो उघडा पडलेला काळा खडक, मध्येमध्ये हिरव्या पाण्याची डबकी, आणि पुलाच्या खांबांचे पाये. पाणी धरून ठेवणारी वाळूच गेली की काठच्या विहिरींचे झरे आटतात. तक्रार करणाऱ्याला मार बसतो, कधी अंगावर ट्रॅक्टर येतो, आणि तहसीलदार-तलाठीही यातून सुटलेले नाहीत.

सरकारने यावर उपाय केले. १ मे २०२३ ला श्रीरामपूर तालुक्यातल्या नायगावला राज्यातला पहिला सरकारी वाळू डेपो सुरू झाला, सहाशे रुपये ब्रासचा भाव जाहीर झाला. दोन वर्षांत, २०२५ च्या एप्रिलमध्ये, डेपोची पद्धत मोडून पुन्हा लिलाव आणले गेले. धोरणं अशी येतात-जातात. त्यांत भाव बदलतो, ठेकेदार बदलतो, गावाच्या 'नाही'ला किंमत मात्र येत नाही. जो जिल्हा ग्रामसभेची राजधानी म्हणून मिरवतो, तिथल्याच नदीत बांधकामाची गरज उतरली की ग्रामसभा बाजूला पडते. लोखंड आणि वाळू यांत फरक आहे तो आकाराचा.

आता माझ्याच बाजूचा एक कमकुवत दुवा. ग्रामसभा म्हणजे आपोआप न्याय, असं मी मुळीच म्हणत नाही. ज्या जिल्ह्यात २०१४ मध्ये खर्ड्याला एका दलित मुलाचा खून झाला, त्या जिल्ह्यातल्या माणसाला गावाच्या एकमतावर आंधळा विश्वास ठेवता येत नाही. गावाचं एकमत म्हणजे कित्येकदा गावातल्या बलदंडांचं मत. कोऱ्या रजिस्टरवर सह्या घेऊन नंतर ठराव लिहिणारे ग्रामसेवक आपण पाहिले आहेत. बायका सभेला येतात पण बोलत नाहीत. भूमिहीनाला बोअरबंदीचा काय फायदा, हा प्रश्न हिवऱ्याबद्दलही विचारता येतो आणि विचारलाही गेला आहे. पण या दोषांवर उपाय ग्रामसभा नीट भरवणं हा आहे: कोरम, बायकांची वेगळी सभा, गुप्त मतदान, बाहेरचा निरीक्षक. नियमगिरीत न्यायाधीश बसवले होतेच. ग्रामसभा सदोष आहे म्हणून निर्णय कंपनीच्या संचालक मंडळाकडे द्यायचा, तर ते मंडळ निर्दोष असल्याचा पुरावा आधी द्यावा लागेल.

आणि देशाची गरज? ती खरी असते. जगात असा पेच काही आपल्यालाच पडला नाही. स्वीडनच्या अगदी उत्तरेला, ध्रुववृत्ताच्याही वर, किरुना नावाचं खाणगाव आहे. १८९० पासूनची एलकेएबी ही आता सरकारी मालकीची कंपनी तिथे जमिनीखालून लोखंड काढते. खाण खोल गेली तशी वरची जमीन खचू लागली, म्हणून अख्खं गाव कंपनीच्या खर्चाने सरकवलं जात आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथलं शंभर वर्षांहून जुनं लाकडी चर्च चाकांवर उभं करून पाच किलोमीटर नेलं. जगभर लोकांनी ते थेट पाहिलं. कौतुकास्पद काम. पण त्याच भागात रेनडियर चारणारे सामी लोक आहेत. नव्या साठ्याची खाण झाली तर आमची कुरणं तुटतील, असं ते सांगत आहेत. त्यांचं ऐकण्यात स्वीडनही मागेच आहे. आदिवासींच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार, आयएलओचा १६९ क्रमांकाचा, स्वीडनने अजून मान्य केलेला नाही, आणि भारतानेही नाही. चर्च हलवता येतं, कारण ते हलवायला सांगणाऱ्याचं आणि हलवणाऱ्याचं जग एकच असतं. कुरण हलवता येत नाही. श्रीमंत देशातही खाणीच्या काठावर कुणाचं ऐकायचं, हे आधीच ठरलेलं असतं.

म्हणून मी 'खाण नको' असं म्हणत नाही. ते म्हणायचा हक्क सुरजागडच्या गावांचा आहे, माझा नाही. मी एवढंच म्हणतो की ज्या सभेला 'नाही' म्हणता येत नाही, तिचा 'हो' हा होकार नव्हे. आणि राष्ट्राच्या गरजेसाठी एखाद्या गावाचा नकार ओलांडायचाच असेल, तर सरकारने तो उघडपणे, लेखी कारण देऊन, विधानसभेत उभं राहून ओलांडावा. आज नकार ओलांडला जात नाही; तो नोंदवलाच जाणार नाही, अशी व्यवस्था केली जाते. यात फरक आहे आणि तो मोठा आहे. पहिल्या पद्धतीत निदान कुणीतरी जबाबदार राहतो.

करायच्या गोष्टी फार नाहीत. पेसातल्या गौण खनिजांच्या कलमात प्रमुख खनिजं घालावीत. यासाठी संसदेत दुरुस्ती लागेल, पण राज्य विधिमंडळाला तसा ठराव करून पाठवायला कुणाची आडकाठी नाही. खाणीची क्षमता वाढवायची तर प्रत्येक वेळी ग्रामसभेकडे नव्याने जावं, सुनावणी डोंगराच्या पायथ्याशी आणि माडियात व्हावी. प्रतिष्ठानच्या पैशाचा ठरावीक हिस्सा बाधित ग्रामसभांच्या खात्यात थेट जावा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हिवऱ्याच्या पाण्यासारखाच खनिजाचा वार्षिक ताळेबंद गावासमोर मांडावा: यंदा किती काढलं, किती उरलं, त्यातून कुणाला काय मिळालं, नाल्यात किती गाळ आला, आणि पुढच्या वर्षी किती काढायचं. हिवऱ्याला हे जमतं तर एटापल्लीला जमणार नाही, असं मानण्याला कारण नाही. तेंदूपत्त्याचा हिशोब त्या गावांनी करून दाखवलाच आहे.

यात नगरचं काय काम, असं वाचक विचारील. काम आहे. ग्रामसभेच्या नावाने मिळालेला मान या जिल्ह्याने तीस वर्षं घेतला. तेव्हा ग्रामसभेच्या बाजूने बोलायची वेळ आली असताना पहिला आवाज इथून जायला हवा. येत्या २६ जानेवारीला जिल्ह्यातल्या प्रत्येक गावात ग्रामसभा होईल. झेंडावंदनानंतर, चहा-जिलेबीच्या आधी, दोन ठराव मांडता येतील: पेसात प्रमुख खनिजं घालावीत हा एक, आणि आपल्या नदीतल्या वाळूवर गावाचा नकार अंतिम मानावा हा दुसरा. विषय पत्रिकेवर यायला हवा, म्हणून सरपंचांना आणि ग्रामसेवकांना आधी लेखी द्या. नोटीस सात दिवस आधी निघते.